धुऊन परत, दहा नग

गोधड्या मोजणं अवघड असतं, असं तिला कुणी आधी सांगितलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता. शिवणं अवघड, हे मान्य; ते तर बोटांवरच्या भोकांनी सिद्धच केलं होतं. पण शिवून, घडी करून, पलंगावर एकावर एक रचलेल्या दहा गोधड्या मोजायच्या म्हणजे काय, तर एक ते दहा म्हणायचं. ते छोटीलाही येत होतं. फक्त ती चारनंतर सात घ्यायची आणि सातनंतर पुन्हा चार. पुढे घरातल्या मोठ्या माणसांची मोजणी पाहिल्यावर छोटीची पद्धत तशी काही वाईट नव्हती, असं वाटायची वेळ आली.

छोटी म्हणजे तिची मुलगी, वय पावणेतीन. छोटी जन्मली तेव्हापासून तिच्या आईला स्वतःचं असं नाव उरलं नव्हतं. दूधवाला, जिन्यातले शेजारी, सासूबाई, इतकंच काय, नवराही तिला 'छोटीची आई' म्हणायचा. एकदा टेलिफोनवर कुणी नाव विचारलं तेव्हा तिने स्वतःच तसं सांगितलं होतं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ खरं नाव आठवत बसली होती.

या छोटीला जगात यायची भारी घाई. दोन महिने आधीच दार वाजवलं आणि मग पहिले बत्तीस दिवस रुग्णालयात काचेच्या पेटीत काढले. तिथे तिच्या अंगावर एक गोधडी होती. दोन वीत रुंद, तीन वीत लांब, निळ्या दोऱ्याची. कुणा अनोळखी बाईने शिवून दिलेली. पेटीशेजारच्या स्टुलावर बसून छोटीच्या आईने त्या गोधडीचे टाके इतक्या वेळा मोजले होते की तिला एकेक ओळखीचा झाला होता. एका कडेला टाके सरळ चालता चालता मध्येच वाकडे जात आणि पुन्हा वाटेवर येत, जणू शिवणारीला तिथे डुलकी लागली असावी. तेवढ्यावरून तिला खात्री होती की ती बाई कुणाची तरी आई होती. घरी जायच्या दिवशी छोटी त्याच गोधडीत गुंडाळून हातात आली, तशीच घरी आली. गोधडीला 'निळी' हे नाव पडलं. छोटी निळीशिवाय झोपत नसे. निळीच्या एका कोपऱ्यात एक फिकट जांभळा डाग होता, औषधाचा असावा. सासूबाईंनी त्यावर सोडा, लिंबू, ऊन आणि राग असं सगळं वापरून पाहिलं होतं, पण तो काही जात नव्हता.

तर अशा दहा गोधड्या शिवायच्या आणि त्याच वॉर्डात नेऊन द्यायच्या, एवढाच साधा बेत. एक घेतली, दहा द्याव्यात. कुणीतरी आपल्या बाळासाठी केलं, आपण कुणाच्या तरी बाळासाठी करावं. तिच्या हातचा एक तरी टाका एखाद्या इवल्याशा अंगावर पडावा, एवढं झालं की तिला त्या स्टुलावरून खऱ्या अर्थाने उठल्यासारखं वाटणार होतं. हे शेवटचं वाक्य मात्र तिने कुणाला सांगितलं नाही. बेत तेवढा सांगितला, तोही फक्त सासूबाईंना. सासूबाईंनी तो फक्त शेजारच्या काकूंना सांगितला. आणि काकूंना सांगणं म्हणजे जिन्यात फळा लावणं.

दुसऱ्या दिवसापासून दारात जुने कपडे येऊ लागले. लोक इतके दानशूर असतात हे तिला माहीत नव्हतं. घरात अडगळ असली की माणसाचं मन फार मोठं होतं. चादरी आल्या, शर्ट आले, उशांचे अभ्रे आले, तिथपर्यंत ठीक होतं. मग पडदे आले. मग एक रेनकोट आला. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी मोडकी छत्री दिली आणि वर "कापड चांगलं आहे" असं बजावलं. एकीने खांद्यात जाड गाद्या भरलेला कोट दिला आणि पंधरा दिवसांनी परत मागायला आली, कारण तसले कोट पुन्हा वापरात आले होते. बैठकीच्या खोलीत एवढा ढीग झाला की छोटी त्यात शिरली तर तिला आवाजाच्या दिशेने शोधावं लागे.

कपड्यांमागोमाग सल्ले. पिवळा रंग घालू नका, बाळं आधीच पिवळी दिसतात. निळा घालू नका, थंड पडतो. आत कापूस भरा. कापूस अजिबात भरू नका. दोरा ओला करून घ्या. काकूंनी सांगितलं की गोधडी शिवताना मनात चांगले विचार हवेत, ते टाक्यातून उतरतात. छोटीच्या आईच्या मनात त्या काळात मुख्यतः छोटी उठेल काय हाच विचार असे. दुपारी छोटी झोपायची ती पाऊण तास. त्या पाऊण तासात सुई शोधण्यात दहा मिनिटं, दोरा ओवण्यात पाच, आणि उरलेल्या वेळात कान छोटीकडे आणि डोळे टाक्याकडे. त्यामुळे त्या दहाही गोधड्यांत काही उतरलं असेलच तर ते दचकणं.

शिकवायला सासूबाई होत्या. वर मऊ सुती, आत तीन पदर, खाली पुन्हा मऊ सुती. कडेने सुरुवात करायची आणि फिरत फिरत मध्यावर यायचं. टाका मुंगीच्या पावलाएवढा. हे सगळं सासूबाई खुर्चीत बसून, चष्मा कपाळावर चढवून सांगत. छोटीच्या आईच्या मुंग्या मात्र निरनिराळ्या वयाच्या निघाल्या. काही तर उड्या मारत गेल्यासारख्या. पहिली गोधडी तिने पलंगावर बसून शिवली आणि मोठ्या अभिमानाने उचलली, तेव्हा गादीची खोळही बरोबर आली. पाच पदरांऐवजी सहा शिवले गेले होते. सगळं उसवून पुन्हा शिवल्यावर जे हाती आलं त्याला कोपरे पाच होते. सासूबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली.

"दे गं, देऊन टाक," त्या म्हणाल्या. "बाळं डोळे मिटूनच असतात."

पण निळी शेजारी ठेवून, तिच्याच मापाच्या, तसल्याच निळ्या दोऱ्याच्या एकामागून एक शिवता शिवता हात बसला. सातवीपर्यंत तर सासूबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेऊन टाके पाहिले आणि काही बोलल्या नाहीत. या घरात एवढी मोठी शाबासकी याआधी फक्त वीजमीटर बसवणाऱ्याला मिळाली होती.

आठवीला कापड कमी पडलं तेव्हा तिने डोळे मिटून नवऱ्याच्या कपाटातला एक जुना शर्ट घेतला. तो त्याचा आवडता होता, पण कॉलर विरली होती. चार दिवस ती धास्तावून होती. पाचव्या दिवशी नवऱ्याने ती आठवी गोधडी हातात घेतली, निरखून पाहिली आणि म्हणाला, "हा रंग छान आहे. माझ्याकडे असा एक शर्ट होता." आणि ठेवून दिली. माणूस प्रेमळ, कामसू, शब्दाचा पक्का. पण त्याच्या डोळ्यांचा आणि मेंदूचा संबंध ऑफिसच्या वेळेपुरताच असे. हे इथे सांगायचं कारण पुढे येईल.

दहा गोधड्या झाल्या. आता नेऊन द्यायच्या, बस. पण वरच्या मजल्यावर हेडक्लार्ककाका राहत. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण हात अजून अर्जाच्या आकारात वळलेले. त्यांना हे कळलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. असं कसं नेऊन देता, सूनबाई? सरकारी रुग्णालय आहे ते. घेणारा म्हणेल मिळाल्याच नाहीत, देणारा म्हणेल दिल्या, मग पुढे? पुढे काय, हे तिला माहीत नव्हतं, पण काकांच्या चेहऱ्यावरून ते तुरुंगाच्या जवळपासचं काही असावं. काकांनी तीन प्रतींत अर्ज लिहिला. विषय: लहान आकाराच्या हस्तनिर्मित गोधड्या, एकूण दहा नग, विनामूल्य सुपूर्द करण्याबाबत. मग त्यांनी प्रत्येक गोधडीला एक ते दहा आकड्यांच्या चिठ्ठ्या टाचणीने लावल्या आणि समाधानाने वर गेले. संध्याकाळी सासूबाईंना बाळांच्या गोधड्यांत टाचण्या दिसल्या. त्यांनी जे काही म्हटलं ते काकांपर्यंत जिन्यातून पोचलंच असावं. दहाही टाचण्या निघाल्या, त्यांच्याबरोबर दहाही आकडे. आणि मोजणीचा गोंधळ सुरू झाला.

द्यायच्या दिवशी सकाळी तिने मोजल्या: दहा. न्याहारीनंतर सासूबाईंनी मोजल्या: नऊ. काका खाली येऊन पेन कानावर ठेवून मोजू लागले: दहा. "बघा," ते म्हणाले, आणि खात्रीसाठी पुन्हा मोजल्या: नऊ. मग तिघांनी मिळून मोजल्या, त्यात कुणीतरी सहा दोनदा म्हटलं आणि अकरा झाल्या. अर्जात तर दहा. काकांचं म्हणणं, अर्ज बदलता येणार नाही. त्यापेक्षा एक गोधडी शिवणं सोपं. या सगळ्याच्या खालून, टेबलाच्या पातळीवरून, छोटी आपलं लाकडी बदक काखेत मारून ये-जा करत होती, पण त्या उंचीकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

छोटीची आई तिचे कपडे बदलायला आत गेली तेवढ्यात नवरा अंघोळ करून बाहेर आला. त्याला सांगण्यात आलं की एक गोधडी कमी आहे, निळ्या दोऱ्याची, एवढी एवढी. तो गॅलरीत टॉवेल वाळत घालायला गेला आणि तिथून विजयी मुद्रेने परतला.

"ही काय. दोरीवर होती."

काकांनी मोजल्या: दहा. त्यांनी कुणालाही पुन्हा मोजू दिल्या नाहीत. गाठोडं बांधलं, त्याला सात गाठी मारल्या, आणि नवऱ्याची पाठ थोपटली. नवरा दिवसभर खुशीत होता. घरातली हरवलेली वस्तू त्याने शोधून देण्याची ही लग्नानंतरची पहिलीच वेळ.

रुग्णालयाच्या भांडार विभागाची खिडकी एवढी खाली होती की बोलणाऱ्याला आपोआप वाकून बोलावं लागे. भांडारबाबूंनी गाठी सोडल्या, आतल्या टेबलावर, तिला दिसणार नाहीत अशा, गोधड्या उलगडल्या, अर्ज वाचला आणि विचारलं, दोऱ्याचा रंग पक्का असल्याचा दाखला? तिने सांगितलं, धुऊन पाहिलंय. तुम्ही पाहिलंय, ते म्हणाले, समितीने नाही. तपासणी समिती होती. तिचे अध्यक्ष बदलीवर गेले होते. नवे यायचे होते. तोवर गोधड्या जमा होतील, स्वीकारल्या जाणार नाहीत. जमा आणि स्वीकार यांत काय फरक, असं तिने विचारलं. बाबूंनी तिच्याकडे मायेने पाहिलं. "जमा म्हणजे आमच्याकडे आहेत. स्वीकारल्या म्हणजे आमच्या आहेत."

ती घरी आली ती काहीशी अशी की सगळं झालंही आहे आणि काहीच झालेलं नाही.

संध्याकाळी छोटीला झोप आली. तिने डोळे चोळले, हात पुढे केला आणि म्हणाली, "निळी." छोटीची आई गॅलरीत गेली. पहाटेच धुऊन दोरीवर टाकली होती, उन्हात केव्हाच वाळली असणार. दोरीवर नवऱ्याचा टॉवेल होता. तिने पलंगाखाली पाहिलं. पलंगाखाली, भाजीच्या रिकाम्या टोपलीत, लाकडी बदक नीट निजलेलं होतं, आणि त्याच्या अंगावर गळ्यापर्यंत, काळजीपूर्वक, पाच कोपऱ्यांची गोधडी.

ती तिथेच जमिनीवर बसली. डोक्यातली बेरीज फार हळू झाली. दहा शिवल्या. एक इथे. म्हणजे नऊ गेल्या. गाठोड्यात दहा होत्या. दोरीवर होती.

सासूबाईंना हे समजायला दोन वाक्यं लागली, नवऱ्याला सहा. समजल्यावर तो म्हणाला, "पण ती अगदी तशीच दिसते," आणि मग बराच वेळ काही बोलला नाही, कारण सासूबाई बोलत होत्या. छोटी तोवर रडत नव्हती. ती गॅलरीच्या दाराशी उभी राहून दोरीकडे पाहत होती. निळी धुवायला टाकली की छोटीला सांगायचं असे, "ओली आहे, वाळली की देते," आणि ती थांबायची. आजही तिने वळून विचारलं, "ओली?"

"हो गं," तिची आई म्हणाली. "ओली आहे."

छोटी त्या रात्री तिच्या खांद्यावरच झोपली, अर्धवट, हुंदके न देता, दर थोड्या वेळाने "वाळली?" असं विचारत. रडली असती तर बरं झालं असतं.

सकाळी ती छोटीला कडेवर, बदकाला छोटीच्या काखेत आणि पाचकोनी गोधडी पिशवीत घेऊन निघाली. रस्ताभर तिने वाक्य जुळवलं. दान दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे कोणत्या तोंडाने मागायची? चुकून आली, बदलून घ्या. ही नवी आहे, ती जुनी आहे. माझी मुलगी झोपत नाही. तिन्ही वाक्यं खरी होती आणि तिन्ही खिडकीत वाकून म्हणण्यासारखी नव्हती.

भांडारबाबूंनी तिला पाहताच रजिस्टर उघडलं. "बरं झालं आलात, तुम्हाला पत्र जाणारच होतं."

भांडारात नऊ गोधड्या होत्या. दहावी नव्हती. म्हणजे होती, पण दानातली नव्हती. दहाव्या गोधडीवर वॉर्डाचा शिक्का होता.

तिला वाटलं ते दुसऱ्याच कुणाशी बोलत आहेत. कसला शिक्का? बाबूंनी कागदावर बोटाने गोल काढून दाखवला. कोपऱ्यात, जांभळा, पुसट झालेला. नवजात विभाग. तिच्या डोळ्यांपुढे सासूबाईंचा सोडा, लिंबू आणि तीन वर्षं होत आलेला राग उभा राहिला.

"म्हणजे ती रुग्णालयाची मालमत्ता," बाबू म्हणाले. "बाहेर गेल्याची नोंद नाही. आत आल्याची आहे. न गेलेली वस्तू परत कशी आली, एवढा खुलासा लेखी द्या."

आयुष्यात तिने शाळेतला खडूसुद्धा घरी आणला नव्हता. ती दहा गोधड्या देऊन दाता व्हायला आली होती, आणि आता रांगेतली तीन माणसं तिच्याकडे आणि तिच्या पिशवीकडे पाहत होती. छोटीने याच वेळी बदक खिडकीत ठेवलं आणि बाबूंना म्हणाली, "निळी दे." कान गरम झाले की माणसाला ऐकू कमी येतं, निळी आता आहे कुठे, हे तिने दोनदा विचारलं तेव्हा कुठे उत्तर कळलं. शिक्का होता, म्हणजे तपासणीचा प्रश्नच नव्हता. काल दुपारीच वॉर्डात गेली.

वर काचेच्या दाराशी छोटीच्या त्या बत्तीस दिवसांतल्या सिस्टर होत्या. त्याच. केस थोडे पिकले होते, चाल तशीच, पावलं न वाजणारी. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, छोटीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे.

"चार नंबरची पेटी ना तुम्ही?"

तिला स्वतःचं नाव कुणी घेतल्यासारखं झालं. ती एका दमात सगळं बोलली, शिक्का, दोरी, बदक, काका, नवरा, या क्रमाने नव्हे. सिस्टरांनी निम्मं ऐकलं आणि तिला काचेपाशी नेलं. आत लहान मुलांना नेता येत नव्हतं.

काचेपलीकडे पेटी होती. पेटीत मुठीएवढं तोंड. अंगावर निळी. शेजारी त्याच स्टुलावर एक मुलगी बसली होती, वीस-बावीस वर्षांची, केस कसेतरी बांधलेले, आणि तिचं बोट गोधडीच्या कडेवरून चाललं होतं. एकेका टाक्यावर थांबत. वाकड्या टाक्यांपाशी बोट अडखळलं, मागे आलं, पुन्हा पहिल्यापासून.

"घेऊन जा तुमची," सिस्टर हळूच म्हणाल्या. "मी दुसरं घालते तिला. चादर आहे."

छोटीच्या आईच्या पिशवीत पाचकोनी होती. ती घालता का, असं विचारायला तोंड उघडलं, आणि आठवलं की तिला दाखला नाही. कमाल होती. तिने शिवलेल्या नऊ समितीची वाट पाहत होत्या, आणि तिने न शिवलेली तेवढी बाळाच्या अंगावर होती.

"निळी," छोटी म्हणाली. तिने बदकासकट नाक काचेला लावलं होतं आणि काचेवर वाफेचा गोल उमटला होता. आता ही भोकाड पसरणार, हे तिच्या आईला पाठीकडूनही दिसत होतं. खालचा ओठ निघाला. मग छोटी वळली.

"ओली?"

दोन वर्षं आठ महिने ती या मुलीशी खोटं न बोलण्याचा प्रयत्न करत आली होती.

"हो," ती म्हणाली. "अजून ओली आहे."

"वाळली की?"

"वाळली की."

छोटीने बाळाकडे संशयाने पाहिलं, ते निळी ओली करण्याइतकं लहान आहे याची खात्री करून घेतली आणि मान डोलावली. या गोष्टीतलं तेवढंच बिनचूक तर्कशास्त्र.

सिस्टर आत गेल्या आणि स्टुलावरच्या मुलीच्या कानाशी वाकून काही म्हणाल्या. काचेतून ऐकू आलं नाही. मुलीने मान वर केली. तिने छोटीच्या आईकडे पाहिलंच नाही, छोटीकडे पाहिलं. गुबगुबीत पाय, गुडघ्यावर खरचटलेलं, तोंडात बदकाची चोच, काच चाटायच्या बेतात. निळीची कड हातात धरून ती त्या पायांकडे, गुडघ्याकडे, गालांकडे बघत राहिली. मग पेटीतल्या बाळाकडे, मग पुन्हा छोटीकडे. छोटीने सवयीप्रमाणे बदकाचा पंख हलवून टाटा केला. काचेपलीकडून एक हात उचलला गेला.

छोटीच्या आईला जरा दिसेनासं झालं. तिने पिशवीतून पाचकोनी काढून नाक पुसलं. चांगलं टिपत होती ती.

सिस्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज व्यवहारी झाला होता. खाली खुलासा मागितलाय ना? आणि नऊ अडकल्यात? मग ऐका. स्वीकारल्या नाहीत म्हणजे अजून तुमच्याच आहेत. परत मागा; ते देतील, त्यांना जागा हवीच असते. घेऊन फाटकाबाहेर जा, आणि मागच्या फाटकाने धुलाईघरात या. धुऊन आलेल्या कपड्यांना समिती नसते.

परतीचा अर्ज भांडारबाबूंनी इतक्या आनंदाने घेतला की तिला वाईट वाटलं. त्यांनी स्वतः गाठोडं बांधून दिलं. प्रकरण निकाली, असा शिक्का मारला. छोटीची आई नऊ गोधड्या घेऊन पुढच्या फाटकातून बाहेर पडली, भिंतीला वळसा घातला आणि त्याच नऊ घेऊन मागच्या फाटकातून आत आली. वाटेत छोटीला विचारावंसं वाटलं की आपण नक्की कुठे चाललोय.

धुलाईघरातल्या माणसासमोर छापील पावत्यांचं पुस्तक होतं. सिस्टर तिथे आधीच पोचल्या होत्या. त्यांनी एकेका गोधडीच्या कोपऱ्यात जांभळा शिक्का मारला, आणि छोटीने हट्टच धरला तेव्हा बदकाच्या पोटावरही मारला. ते बदक तेव्हापासून नवजात विभागाचं आहे.

"नऊ इथे, एक कालच वर गेली. दहा लिहा," सिस्टरांनी सांगितलं. माणसाने दहा लिहिलं. त्याने विचारलं, कधी नेल्या होत्या? सिस्टरांनी छोटीकडे पाहून बोटांवर हिशेब केला. माणसाने काही न विचारता तोही रकाना भरला. त्याने याहून उशीर पाहिलेले दिसत होते. मग मान वर न करता म्हणाला, धुणाऱ्याचं नाव? आणि तिच्या तोंडून सवयीने गेलं ते गेलं.

घरी पावती सगळ्यांनी वाचली. एकूण नग: दहा. धुऊन परत. डाग: नाहीत. उशीर: दोन वर्षे आठ महिने. धुलाई: छोटीची आई. शेरा: पुढील वेळी इस्त्री करून आणाव्यात.

सासूबाईंना सगळ्यात जास्त बोचलं ते इस्त्रीचं. "आणि डाग नाहीत म्हणे," त्या म्हणाल्या, "तीन वर्षं मी काय घासत होते मग?" काकूंनी जिन्यात सांगितलं की आभारपत्र आलंय. हेडक्लार्ककाकांना जावक क्रमांक कुठे दिसेना, म्हणून पावती आधी त्यांना पसंत पडली नाही. पण मग त्यांनी अर्जातले दहा आणि पावतीतले दहा शेजारी धरून पाहिले, आणि त्यांचा चेहरा उजळला. आकडा जुळला होता. नवऱ्याने पावतीला चौकट करून आणली. ती त्याने उलटी टांगली, तिने सरळ केली.

पाचकोनी छोटीकडे राहिली. पहिले काही दिवस छोटी ती पायाशी घेई, मग पोटावर, मग एका दुपारी तिचा तो जादा पाचवा कोपरा तोंडात धरून पाऊण तासाऐवजी दीड तास झोपली. त्या दीड तासात काय करावं हेच तिच्या आईला कळेना. सुई शोधली, ती लगेच सापडली.

छोटी अजूनही रोज गॅलरीत जाऊन दोरीकडे पाहते. हल्ली ती विचारत नाही. स्वतःच सगळ्यांना सांगते.

"ओली आहे," म्हणते, आणि खेळायला जाते.